झुगझ्वांग: मूळ जर्मन शब्द काय सांगतो, आणि मराठीत त्याला काय म्हणावं?

कृष्णाकाठ (धागालेखक)

मी सांगलीत शाळकरी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. गेल्या रविवारी पटावर तीनच मोहरे ठेवले होते. पांढरा राजा डी-६ वर, पांढरं प्यादं ई-७ वर आणि काळा राजा ई-८ वर. चाल काळ्याची. काळ्याकडून चौथीतली एक मुलगी बसली होती. तिनं राजा उचलून डी-८ वर नेला, तिथं प्यादं मारतंय हे बघून परत आणला. मग एफ-८ वर नेला, तिथंही तेच. डी-७ ला पांढरा राजा भिडतो. उरलं एकच घर, एफ-७. तिथं गेलं की पांढरा राजा डी-७ ला येणार आणि प्याद्याचा वजीर होणार, हे तिला दिसलं होतं. बोट राजाच्या डोक्यावर तसंच ठेवून तिनं विचारलं, "सर, मी खेळलेच नाही तर?"

इतक्या वर्षांत याहून नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. खेळली नसती तर ती हरलीच नसती! हीच स्थिती ठेवून चाल पांढऱ्याला दिली तर तो काय करणार? प्याद्याला आधार देत राहायचा तर त्याला ई-६ हे एकच घर आहे, आणि तिथं गेला की काळ्याला चालच उरत नाही, स्टेलमेट, बरोबरी. दुसरीकडे कुठं गेला तर प्यादं जातं, तरीही बरोबरी. म्हणजे पटावर सगळं जिथल्या तिथं आहे, फरक फक्त चाल कुणाची एवढाच. जुने खेळाडू सांगायचे ना, की प्यादं शह न देता सातव्या घरात आलं तर जिंकलं आणि शह देऊन आलं तर फसलं? त्या नियमाच्या पोटात हेच आहे.

चाल करावीच लागते आणि कुठलीही केली तरी नुकसानच, अशा स्थितीचा शब्द मी मुलांना सांगितला, "झुगझ्वांग". सगळ्यांनी तो मोठमोठ्यानं म्हणून पाहिला. ती मुलगी मात्र वहीत लिहायला थांबली आणि म्हणाली, "सर, पण याचा अर्थ काय? आणि मराठीत काय म्हणायचं?" अर्थ मी सांगितला: त्सुग म्हणजे चाल, त्स्वांग म्हणजे सक्ती. दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून हा धागा.

मला ठाऊक आहे ते आधी मांडतो. कल्पना जुनी आहे, शब्द नवा. अरबी शतरंजच्या नवव्या शतकातल्या कूटांमध्ये ही कल्पना सापडते. इटलीच्या साल्व्हिओनं १६०४ साली छापलेल्या एका अंतिम डावातही आहे. जर्मन बुद्धिबळ-लेखनात हा शब्द किमान १८५८ पासून दिसतो. इंग्रजीत तो प्रथम आणला विश्वविजेत्या इमॅन्युएल लास्करनं, १९०५ साली, आणि रुळला त्याहून बराच नंतर. १९२५ ला जर्मनमध्ये आलेल्या, बुद्धिबळपटू निम्झोविचच्या गाजलेल्या ग्रंथाचं १९२९ मध्ये इंग्रजी भाषांतर झालं, त्यानंतर. म्हणजे हजार वर्षं माणसं या स्थितीत सापडत होती, दुसऱ्याला त्यात सापडवत होती, आणि एका शब्दाचं नाव तिला नव्हतं.

नाव मिळालं की ती गोष्ट दिसायला लागते, हे मी मुलांत रोज बघतो. ‘फोर्क’ म्हणजे काय हे कळलं की घोड्याच्या दुहेरी हल्ल्याला पोरं शोधायलाच लागतात. म्हणून मला मराठी शब्द हवा आहे. शोभेचा नको. स्पर्धेत शेजारच्या पटावरच्या मुलाला डाव संपल्यावर सांगता येईल असा.

जर्मन येणाऱ्यांनी कृपया उच्चार आणि मूळ यावर लिहावं.


गोळाबेरीज

धागा आवडला, वाचनखूण साठवली आहे. मराठीत शब्द कशाला शोधायचा, वाक्प्रचारांची खाणच आहे आपल्याकडे. इकडे आड तिकडे विहीर. कात्रीत सापडणे. अडकित्त्यातली सुपारी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. यातला कुठलाही चालेल की.


श्टुटगार्टकर

मी अकरा वर्षं इथं आहे. जर्मन पुण्यात शिकलो आणि इथं येऊन पुन्हा पहिल्यापासून शिकलो.

आधी उच्चार. ‘झुगझ्वांग’ हा आपण इंग्रजी अक्षरं वाचून केलेला उच्चार आहे. जर्मनमध्ये झेड या अक्षराचा ‘झ’ होत नाही, ‘त्स’ होतो. आणि शब्दाच्या, किंवा समासातल्या पहिल्या पदाच्या, शेवटी आलेला ‘ग’ कडक होऊन ‘क’ होतो. म्हणजे पहिलं पद ‘त्सूक’. शेवटचा ‘ग’ही स्वतंत्र ऐकू येत नाही, ‘वाङ्मय’मधला ङ् येतो. ‘त्सूक-त्स्वाङ्’.

आता गंमत बघा. हिंदी किंवा इंग्रजी बोलणाऱ्याला हा ‘त्स’ जिभेवर बसवायला कष्ट पडतात. आपल्याला काहीच करावं लागत नाही, कारण चाक, चोर, चूल यांतला आपला दंत्य च म्हणजे तोच आवाज. ‘चहा’तला नव्हे, ‘चोर’मधला. मग जर्मन त्सूक आपण कसा म्हणू? चूक. अगदी ‘माझी चूक झाली’मधली चूक. दोन शब्दांचं नातं काडीचंही नाही, हा शुद्ध योगायोग आहे. पण जिथं कुठलीही चाल केली तरी ती चूकच ठरते, त्या स्थितीच्या नावाची सुरुवात मराठी कानाला ‘चूक’ अशी ऐकू यावी, याचा मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा फार आनंद झाला होता. तुमच्या मुलांना ‘चूक-च्वाङ्’ असं शिकवा, दोन्ही च दंत्य. श्टुटगार्टच्या कुठल्याही क्लबात पोरं बिनचूक बोलतील. (उत्तरेकडे बोलताना बरेच लोक ‘त्सूख’ असंही म्हणतात, पण ते राहू दे.)

दुसरं, ‘त्सूक’चा अर्थ नुसता ‘चाल’ नाही. मूळ क्रियापद आहे ‘त्सीएन’, म्हणजे ओढणे. त्यावरून आलेलं हे नाम इतक्या ठिकाणी भेटतं की नवा माणूस गोंधळतो. स्टेशनात त्सूक म्हणजे आगगाडी, कारण इंजिन डबे ओढतं. खिडकी आणि दार एकदम उघडं राहिलं की वाऱ्याची जी झुळूक मानेवर येते तीही त्सूक. इथल्या आजीबाई तिला फार घाबरतात, लगेच उठून खिडकी लावतात. पाण्याचा मोठा घोट म्हणजे त्सूक, सिगारेटचा झुरकाही तोच. चेहऱ्याची ठेवण सांगतानाही हाच शब्द, कारण तिथं रेघ ओढलेली असते. स्थलांतर करणाऱ्या पाखराला ‘त्सूकफोगल’ म्हणतात. पटावरचा मोहरा एका घरातून दुसऱ्या घरात जातो, तोही त्सूक. आपल्याकडे मोहरा ‘चालतो’, म्हणून चाल. जर्मनाकडे तो ओढला जातो.

तिसरी गोष्ट धागालेखकाच्या कामाची. हा शब्द इथं बुद्धिबळाच्या पटावर अडकून राहिलेला नाही. रोज वर्तमानपत्रात असतो. एका पक्षानं काही जाहीर केलं की दुसरा ‘उंटर त्सूकत्स्वाङ्’, म्हणजे त्याच्यावर आता काहीतरी करण्याची वेळ आली. तिथं ‘काहीही केलं तरी नुकसानच’ हा अर्थ असेलच असं नाही. गप्प बसायची सोय संपली, एवढाच असतो. बुद्धिबळातला अर्थ त्याहून अरुंद आणि धारदार आहे.


अनुस्वार

श्टुटगार्टकर, चूकचा मुद्दा वाचून मीही मोठ्यानं म्हणून पाहिलं. व्वा!

मुळाबद्दल थोडं. ‘ओढणे’ या अर्थाच्या त्या क्रियापदाची भावंडं युरोपभर आहेत. लॅटिनमधलं ‘दूकेरे’, म्हणजे नेणे, पुढं होऊन नेणे. त्यातूनच ड्यूक. इंग्रजीतलं ‘टो’ हे त्याच घरातलं, नो पार्किंगमधली आपली गाडी ‘टो करून’ नेतात तेच. ‘टग’ तेच, रस्सीखेच म्हणजे टग ऑफ वॉर. आणि खेळाचा विषय आहे म्हणून सांगतो, ‘टीम’ हा शब्दही याच कुळातला. जुन्या इंग्रजीत एकत्र जुंपलेल्या जनावरांना तो वापरत. नांगराला जुंपलेली बैलजोडी म्हणजे टीम. अकरा जणांचा संघ नंतर आला. तेव्हा टीम आणि त्सूक हे लांबचे का होईना, चुलत भाऊ.

लॅटिनमध्ये द, इंग्रजीत ट, जर्मनमध्ये त्स. ही साखळी आपल्याला अनोळखी नाही. संस्कृत दश, इंग्रजी टेन, जर्मन त्सेन. संस्कृत द्वि, इंग्रजी टू, जर्मन त्स्वाय. आपल्या बाजूला द जसाच्या तसा राहिला, जर्मनिक भाषांत त्याचा ट झाला आणि पुढं एकट्या उच्च जर्मननं त्या टचा त्स केला. नियमानं झालेला बदल आहे, एखाददुसऱ्या शब्दापुरता नाही.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. या समासात दोन त्स आहेत आणि दिसायला ते जुळे आहेत. पण जन्मकथा वेगवेगळ्या. ‘त्सूक’चा त्स वर सांगितला तसा आला. ‘त्स्वाङ्’ मात्र ‘त्स्विंगेन’पासून, म्हणजे भाग पाडणे, दाबून करवणे. या शब्दाच्या सुरुवातीला जुन्या उच्च जर्मनमध्ये द होता: ‘द्विंगन’. मधल्या काळात ‘ट्विंगेन’ झालं आणि त्यानंतर कुठं त्याचं ‘त्स्विंगेन’ झालं. डच भाषा त्या वाटेनं गेलीच नाही, तिथं आजही ‘द्वांग’ म्हणतात. म्हणजे पहिला त्स या घरात खूप आधी राहायला आला, दुसरा बऱ्याच शतकांनी, आणि आज शेजारी शेजारी उभे राहिले की सख्खे वाटतात.

‘त्स्विंगेन’वरून आणखी एक शब्द आहे, ‘त्स्विंगर’. ड्रेस्डेनच्या प्रसिद्ध राजवाड्याचं हेच नाव. मुळात हा गढी-किल्ल्यांचा शब्द: बाहेरची तटबंदी आणि आतली तटबंदी यांच्यामधली अरुंद जागा. बाहेरचा तट फोडून शत्रू आत आला की तो या पट्टीत सापडायचा, पुढं आतला तट, वरून मारा. राजगडच्या संजीवनी माचीवर दुहेरी तटबंदी बघितलेल्यांना ही जागा लगेच डोळ्यांपुढं येईल. दोन तटांमधून जाताना आजही खांदे आवळून घ्यावेसे वाटतात. ‘त्स्वाङ्’ या पदात ती आवळण्याची जाणीव आहे. नुसता कागदावरचा नियम नाही तो.


कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

गोळाबेरीज, तुमच्या वाक्प्रचारांबद्दल. मीही आधी तिथंच गेलो होतो. पण ‘इकडे आड तिकडे विहीर’मध्ये संकट दोन्ही बाजूंना आधीच खणून ठेवलेलं असतं. कात्रीत सापडलेला माणूस हलला नाही तरी कात्रीतच असतो, सुपारी अडकित्त्यात गप्प पडून राहिली म्हणून वाचत नाही. त्या चौथीतल्या मुलीच्या राजाचं तसं नव्हतं. तो ई-८ वर सुखरूप होता. कुणी शह दिला नव्हता, कशावर हल्ला नव्हता. तिथंच राहता आलं असतं तर डाव वाचत होता. त्याला मारलं ते ‘आता तुझी पाळी’ या तीन शब्दांनी.

आपले हे सगळे वाक्प्रचार अडकण्याबद्दल बोलतात. जर्मन शब्दात अडकणं कुठंच नाही, दोन्ही पदं बघा: चाल आणि सक्ती. मला मराठीत तेच हवं आहे. स्वस्थ बसायची परवानगी नसणं.


आजोळ

मी बुद्धिबळ खेळत नाही, पण कृष्णाकाठ यांचं वरचं वाचून राहवलं नाही. अहो, हे तर आपल्या बदाम सातमध्ये रोज होतं!

मे महिन्यात आजोळी आम्ही दहा-बारा मावस-मामेभावंडं जमायचो, आणि दुपारभर बदाम सात. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: सत्त्या लावायच्या आणि त्यांच्या वर-खाली क्रमानं पानं लावत जायची, हातातली पानं आधी संपवणारा जिंकला. सगळी खुबी अडवण्यात. माझ्याकडे इस्पिकची सहा असेल आणि ती मी दाबून ठेवली तर खालची पंजी-चौकी घेऊन बसलेले सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहतात. पण नियम काय? लागणारं पान हातात असेल तर पास म्हणायचं नाही. म्हणून दुसरी लागणारी पानं मी एकेक करून पुरवून वापरायची, आणि सहा शेवटपर्यंत राखायची. एक वेळ अशी यायचीच, की बाकी काही लागत नाही, लागते ती फक्त तीच सहा. कुणी माझ्यावर कुरघोडी केलेली नसायची. पाळी आली एवढंच. मामी समोरून म्हणायची, "टाक गं, टाक, असेल ते टाक." आणि मी ती सहा टाकली की मामेभावाची पंजी, चौकी, तिरी, दुरी भराभर उतरायची.

त्या वेळी पोटात जे व्हायचं त्याला नाव आहे हे आज कळलं.


कृष्णाकाठ

आजोळताई, हे उदाहरण मी तुमचं म्हणून वर्गात सांगणार आहे. बुद्धिबळाच्या कुठल्याही पुस्तकात इतकं सोपं उदाहरण मला मिळालं नाही. आणि ‘पानं पुरवून वापरायची’ हे तर आमच्याकडे जसंच्या तसं आहे. राजा-प्याद्यांच्या अंतिम डावात कोपऱ्यातल्या प्याद्याची एखादी मोकळी चाल मुद्दाम शिल्लक ठेवतात. दोघंही आपापल्या मोकळ्या चाली संपवत जातात, आणि ज्याच्या आधी संपतात त्याला राजा हलवावा लागतो.


शून्यचाल

कामानं प्रोग्रामर, म्हणून एक बाजू जोडतो. बुद्धिबळ खेळणारे संगणक-प्रोग्राम वेळ वाचवायला एक युक्ती वापरतात. ‘समजा मी ही पाळी सोडून दिली, आणि तरीही माझी स्थिती उत्तम राहिली, तर खरी चाल खेळून ती आणखी चांगलीच होईल’ असं धरून ती अख्खी फांदी तपासायचीच सोडून देतात. हिला ‘नल मूव्ह’ म्हणतात. बहुतेक वेळा हे गृहीतक बरोबर असतं, कारण बुद्धिबळात पाळी असणं हा सहसा फायदाच असतो.

झुगझ्वांगमध्ये हेच गृहीतक कोसळतं. तिथं पाळी सोडणं हीच सर्वोत्तम चाल असते आणि ती नियमात नाही. म्हणून मोहरे कमी उरले, विशेषतः नुसते राजे आणि प्यादी राहिली, की प्रोग्राम लिहिणारे ही युक्ती बंद करून ठेवतात. मी हौस म्हणून स्वतःचा छोटा प्रोग्राम लिहिला तेव्हा हे विसरलो होतो. मधल्या डावात तो मला सहज हरवायचा आणि राजा-प्याद्यांच्या साध्या डावात जिंकलेली बाजी बरोबरीत घालवायचा. कारण शोधायला मला तीन रात्री लागल्या.


काटशह

मी थोडा वेगळा सूर लावतो. शब्द आहे तसा घेतला तर काय बिघडलं? रशियनांनी ‘त्सुगत्स्वांग’ तसाच उचलला. इंग्रजांनी उचलला. आपण ‘शह’ आणि ‘मात’ फारसी-अरबीतूनच घेतले आणि इतके आपले केले की माझं इथलं टोपणनावही त्यातूनच घडलं. भाषांतर केलं की धार जाते. आणि एक तांत्रिक हरकत: ‘चालीची सक्ती’ तर पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत प्रत्येकावर असतेच. मग त्या खास स्थितीला ते नाव कसं पुरेल?

शब्द सैल वापरला जातो हेही खरं. कोपनहेगनला १९२३ साली झालेला सेमिश विरुद्ध निम्झोविच हा डाव ‘अमर झुगझ्वांग’ म्हणून जगभर छापला जातो. निम्झोविचनं काळ्याकडून घोड्याचं बलिदान दिलं, आणि पंचविसाव्या चालीला एच-६ अशी एका घराची, कुणाला न दुखावणारी चाल खेळला. पटभर मोहरे असूनही सेमिशनं डाव सोडला. फार देखणा डाव आहे. पण तिथं पांढऱ्यानं पाळी सोडली असती तरी काळ्याकडे हत्ती एफ-३ ला नेऊन जिंकायचा मार्ग होताच. मग तो शुद्ध झुगझ्वांग कसा, असं विचारणारे जाणकार आहेत, आणि मला त्यांचं पटतं. मधल्या डावातलं उदाहरण हवंच असेल तर सान रेमो, १९३०. तिथं तेव्हाचा विश्वविजेता अलेखाइन यानं त्याच निम्झोविचला आवळलं. सी पट्टीवर दोन हत्ती आणि त्यांच्यामागं वजीर, आणि तिसाव्या चालीला एच-४. काळ्याच्या प्याद्यांच्या उरल्यासुरल्या चाली संपल्या की मोहराच हलवावा लागणार आणि काहीतरी पडणार. निम्झोविचनं तिथंच डाव सोडला. आधीच्या डावानंतर सातच वर्षांनी.


अनुस्वार

काटशह, शब्द तसाच घ्यायला माझी ना नाही. पण सगळ्यांनी तसाच घेतला असं मात्र नाही. डच लोक ‘झेटद्वांग’ म्हणतात, झेट म्हणजे त्यांची चाल. डॅनिशमध्ये ‘त्रेकत्वांग’, स्वीडिशमध्ये ‘द्रागत्वोंग’. तिघांनीही दोन्ही पदं आपापल्या भाषेत उतरवून घेतली, आणि धार गेली असं त्यांच्या खेळाडूंना वाटत नाही. त्यांची दुसरी पदं जर्मन पदाची सख्खी भावंडं, हे खरं. आपल्याला तशी सोय नाही. पण आपल्याकडे ‘सक्ती’ आहे.

आणि ती फार चपखल बसते. ‘सक्ती’ फारसीतून आली, ‘सख्त’ म्हणजे कठीण, कडक. मराठीनं तिला सामासिक शब्दाचं शेपूट करून टाकलं आहे. पुण्यात वर्षानुवर्षं गाजलेला शब्द आठवा: हेल्मेटसक्ती. कुठल्या पंडितानं घडवला? कुणीच नाही. बातमीदारांनी लिहिला, लोकांनी बोलायला घेतला. हेल्मेटची सक्ती ती हेल्मेटसक्ती, षष्ठी तत्पुरुष. तसंच चालीची सक्ती ती चालसक्ती. जर्मन समासाची घडणही हीच आहे.

तुमच्या तांत्रिक हरकतीला उत्तरही याच शब्दात आहे. हेल्मेटसक्ती कायद्यानं सगळ्यांवर सारखीच असते. जो एरवीही हेल्मेट घालतो त्याला ती जाणवतही नाही. जाणवते ती ज्याला नको आहे त्याला, आणि शब्दही तोच उच्चारतो. चालीचं तेच. ज्याला चाल हवीच आहे त्याच्या तोंडी सक्तीचं नाव कशाला येईल? जर्मनमध्ये याहून वेगळं काही झालेलं नाही. नियम सर्वांना, नाव फक्त टोचतं तिथं.

फक्त क्रम उलटा करू नका. ‘सक्तीची चाल’ म्हणजे जिथं दुसरी चालच उपलब्ध नाही, शह लागलाय आणि एकच घर मोकळं आहे, ती. ती चांगलीही असू शकते. ‘चालसक्ती’ म्हणजे चाली असतील पाच-पंधरा, पण एकही नको आहे. जर्मनमध्येही ‘त्स्वाङ्’ पुढं आणलं की अर्थ ‘सक्तीचं अमुक’ असा होतो, जसं सक्तीच्या मजुरीला ‘त्स्वाङ्स-आर्बाइट’. कुठलं पद शेवटी येतं यावर सगळं अवलंबून.


काटशह

हेल्मेटसक्तीचं उदाहरण पटलं. हरकत मागे घेतो. तरी स्पर्धेत मी झुगझ्वांगच म्हणणार, जिभेला सवय झाली आहे. आता चूक-च्वाङ् म्हणेन.


रेडर७

कबड्डीवाल्याचाही एक प्रतिसाद घ्या. प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’. गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. जुन्या कबड्डीत निदान रेषा ओलांडून सुखरूप परत यायचा मार्ग होता. आता समोर सात जण साखळी धरून निवांत उभे आहेत, ते पुढं येत नाहीत, त्यांना यायची गरजच नाही. जायचं आपल्याला आहे. बुद्धिबळाइतकं पक्कं नाही हे, कारण चांगला खेळाडू तिथूनही गुण आणतो. पण ‘स्वस्थ बसायची परवानगी नसणं’ म्हणजे काय ते मला पायांत कळतं.


श्टुटगार्टकर

चालसक्तीला माझं अनुमोदन. इथल्या एका जर्मन सहकाऱ्याला, तो क्लबात खेळतो, मी जेवणाच्या सुट्टीत ‘चालसक्ती’ म्हणून दाखवलं आणि पदं फोडून सांगितली. तो दोन-तीनदा पुटपुटला आणि म्हणाला, बरोबर आहे, हाच शब्द आहे. मग त्याला मराठीतल्या ‘चूक’चा अर्थ सांगितला. त्यानं तो कागदी रुमालावर लिहून घेतला.


कृष्णाकाठ

आजच्या रविवारचं सांगतो आणि थांबतो.

फळ्यावर मधोमध ‘चालसक्ती’ लिहिलं. खाली ‘चूक-च्वाङ्’, आणि दंत्य चसाठी ‘चोरातला च’ अशी टीप. आधी बदाम सात सांगितलं. अर्ध्या मुलांनी सुट्टीत खेळलेलं होतं, एकानं "पान दाबून ठेवलं की पकडतात सर" असं आपणहून सांगितलं. मग पटावर चार मोहरे मांडले. पांढरा राजा एफ-५, पांढरं प्यादं ई-४, काळा राजा डी-४, काळं प्यादं ई-५. दोन्ही प्यादी समोरासमोर अडलेली, प्रत्येक राजा आपलं प्यादं राखतोय आणि त्याच वेळी दुसऱ्याच्या प्याद्यावर डोळा ठेवून आहे. ज्याला हलावं लागेल त्याचा राजा आपल्या प्याद्यापासून सुटणार, प्यादं जाणार आणि त्यामागून डाव जाणार. चाल पांढऱ्याची असो की काळ्याची.

मी दोघांना समोरासमोर बसवलं आणि म्हटलं, कुणी सुरुवात करायची ते तुम्हीच ठरवा. एरवी पांढरे मोहरे मिळावेत म्हणून भांडणारी मुलं. दोघंही हात मांडीखाली घेऊन बसली. "तू कर." "नाही, तू कर." बाकीची पोरं भोवती गोळा झाली, कुणीतरी घड्याळ चालू केलं. पांढऱ्याच्या बाजूचं. पांढऱ्याकडून बसली होती तीच मुलगी. तिनं घड्याळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि आमच्या सांगलीच्या बोलीत म्हणाली, "आता हलायलाच लागतंय की."

राजा जी-४ वर गेला. समोरच्यानं प्यादं मारलं. ती हरली आणि वही उघडून लिहायला लागली. मी वाकून पाहिलं: ‘चालसक्ती’, आणि पुढं कंसात ‘हलायलाच लागतंय’.

मग तिनं विचारलं, दोघांनाही चाल नको असते त्या वेळी काय म्हणायचं? इंग्रजीत ‘म्युच्युअल’ लावतात हे सांगितलं. मराठीत ‘परस्पर चालसक्ती’ म्हणालो, पण मलाच ते जड वाटलं.


आजोळ

दुहेरी चालसक्ती. संजीवनी माचीच्या तटासारखी.


कृष्णाकाठ

घेतला. पुढच्या रविवारी सान रेमोचा डाव लावतोय.